तोंडाकडे बघणारी माणसं

अठ्ठ्याण्णव सालच्या मे महिन्यात सुरतेत असं ऊन पडलं होतं की डिंडोलीचे कावळे शेअर रिक्षाने जायचे. हे मी स्वतः पाहिलंय. रजनी, म्हणजे आमची मंडळी, म्हणते की कावळा एकच होता आणि तो रिक्षाच्या टपावर नुसता बसला होता. असेल. त्या महिन्यात कोण कशावर बसलंय हे नीट बघण्याइतकं त्राण कुणाच्याच अंगात नव्हतं.

गोष्ट लोटू पाटलाची आहे. मूळचा अमळनेरकडचा, राहायला गोडादऱ्यात, आणि उधन्याच्या एका कारखान्यात बावीस वर्षं माग चालवणारा. साठ माग, चौदा कारीगर, बारा तासांची पाळी. एप्रिलमध्ये शेठनं सगळ्यांना अंगणात उभं केलं आणि सांगितलं, की जुने माग भंगारात जाणार. त्यांच्या जागी परदेशातून बारा मशिनं येणार, बिनधोट्याची, म्हणजे आडवा धागा धोट्याशिवाय नेणारी. ती बसवायला आठ जूनला एक गोरा फिटर येईल, चार दिवस राहील आणि इंग्रजीशिवाय काही बोलणार नाही. त्याचं बोलणं ज्याला कळेल, तो नव्या मशिनींवर राहील. दिवसपाळीला एक, रातपाळीला एक. बाकीच्यांनी आपापलं बघावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लोटू माझ्या दारात. रातपाळी करून आलेला, केसांत सुताचा भुस्सा.

"मास्तर, माले इंग्रजी शिकाडा."

"कधीपर्यंत?"

"आठ जूनपावत."

मी सुरतेच्या मराठी शाळेत एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. एकतीस वर्षांत माझ्या हातून फार तर चार पोरं इंग्रजी शिकली असतील, आणि त्यातली दोन तरी स्वतःच शिकली. हे लोटूला कशाला सांगा? "होईल," म्हणालो. "परदेशातून बाई येणारेय शिकवायला."

ही मात्र थाप नव्हती. परदेशातली एक संस्था ठिकठिकाणी उन्हाळी इंग्रजी शिबिरं घ्यायची. तिला मी पत्र लिहिलं होतं, की आमच्या भागात माग चालवणारी माणसं इंग्रजीसाठी रोज पहाटे रांगा लावतात. रांगा लागायच्या त्या पाण्याच्या टँकरला. पण लागायच्या खऱ्या.

तर ब्रिजेट आली. आयर्लंडची, सव्वीस वर्षांची, उंच, आणि उन्हानं तीन दिवसांत टोमॅटोसारखी झालेली. उतरली आमच्याकडेच. तिचा आवाज इतका हळू, की ती पाणी मागायची तेव्हा मी आधी मांजराकडे बघायचो.

सुरतेनं तिला पहिल्याच आठवड्यात दमवून टाकलं. जो भेटेल तो विचारायचा, लग्न झालं का, का नाही झालं, आईवडिलांना चालतं का. दुपारी ती खोलीचं दार लावून पडली तर रजनी बाहेरून, "काय झालं गं, रागावलीस का?" दुसऱ्या दिवशी दार लागलं तेव्हा शेजारच्या प्रमिलाबाई लिंबूसरबत घेऊन आल्या. तिसऱ्या दिवशी त्यांनी डॉक्टरच आणला.

"मिस्टर जयंत," ती मला म्हणाली, "मला फक्त एक तास एकटं बसायचं होतं."

"एकटं बसायचं असतं तर आम्ही सोसायटीत कशाला राहिलो असतो?" मी म्हणालो. मला वाटलं, हसेल. ती कपाळाला हात लावून बसली.

वर्ग भरायचा सकाळी साडेसातला, डिंडोलीच्या शाळेत, सुटीत रिकाम्या पडलेल्या वर्गात. पाळी सुटली की लोटूच्या आणि आसपासच्या कारखान्यांतले पंचवीस-तीस कारीगर तसेच यायचे. बारा तास उभं राहून आलेली माणसं लहान पोरांच्या बाकांत गुडघे मुडपून बसायची. निम्मी झोपायची. एकजण तर डोळे उघडे ठेवून झोपायचा आणि दर दोन मिनिटांनी तुटलेला धागा जोडल्यासारखी बोटं हलवायचा. जी जागी असायची ती गप्प. बाई म्हणायची, "माझ्यामागून म्हणा." कुणाच्या तोंडून आवाज नाही. ओठ तेवढे हलायचे. आणि सगळ्यांचे डोळे बाईच्या तोंडावर. फळ्यावर नाही, पुस्तकावर नाही, तोंडावर. लोटू पहिल्या बाकावर, तिच्यापासून हातभर अंतरावर. ती डावीकडे सरकली की त्याची मान डावीकडे, उजवीकडे सरकली की उजवीकडे.

चौथ्या दिवशी ती ओढणी घेऊन आली आणि नाकाखालून तोंड गुंडाळूनच शिकवू लागली. घरी येताना रिक्षात मला म्हणाली, "ते माझ्या ओठांकडे का बघतात? तीस पुरुष. आणि तो पुढे बसलेला माणूस पापणीसुद्धा हलवत नाही."

खरं सांगतो, मलाही तेच वाटलं जे तिला वाटलं. सुरतेत एकतीस वर्षं काढून मी कारखान्यात एकदाही पाय ठेवला नव्हता. आम्ही शाळा, बँका, कचेऱ्यांतली माणसं. आमचा गणपती वेगळा, त्यांचा वेगळा. दुसऱ्या दिवशी मी लोटूला पायरीवर गाठलं.

"लाज वाटते का? परक्या मुलखातली पोर आहे. तिच्या तोंडाकडे काय बघतोस टक लावून?"

लोटू माझ्या ओठांकडे बघत होता. माझं बोलून झालं तसा त्याचा चेहरा हळूहळू उतरला. त्या दिवशी तो आणि त्याचं बघून बाकीचेही खाली जमिनीकडे बघत बसले. बाई ओढणीआडून काहीतरी पुटपुटत होती, वर्ग फरशी बघत होता, पंखा मात्र कुरकुरत होता. पुढच्या दिवशी लोटू आलाच नाही. त्याच्या पुढच्या दिवशी सातजण आले. बाईनं शुक्रवारचं मुंबईचं तिकीट काढलं.

मंगळवारी संध्याकाळी लोटूची बायको आमच्या घरी आली. मंगलाबाई. त्याच कारखान्यात धोट्यात घालायच्या कांड्यांवर सूत भरायची. अर्धी पाळी टाकून आलेली. रजनीनं पाणी दिलं, ते तिनं खाली ठेवलं.

"मास्तर, तुम्ही यासले काय बोलनात?"

"का? काय झालं?"

"पाळीवर जातस, घर उनात की भीतकडे तोंड करीसन झोपतस. शाळाना नाव काढू देत नहीत. आठ तारीख काय थांबी राहस का यासनाकरता?"

मी आडवळणानं सांगितलं. बाईमाणसाच्या तोंडाकडे बघतो म्हणून. मंगलाबाई माझ्याकडे बघतच राहिली. मग रजनीकडे वळली.

"ताई, हाऊ मास्तर शे ना? मंग याले काहीच कसं माहीत नही? मागवर बावीस वरीस व्हयनात, कान कोठे राह्यनात यासले! मी बोलसू तव्हय मना बी तोंडकडेच देखतस. देखीसनच समजस." ती उठली. "त्या पोरले ली चाला मनासंगे. आत्तेच."

आत्तेच म्हणजे आत्ताच. ब्रिजेट, रजनी आणि मी तिच्यामागून गेलो.

पाळी नुकतीच बदलली होती. दार उघडलं आणि आवाज अंगावर आला. तुम्हाला कसा सांगू? भिंतीवरच्या तसबिरीतल्या गणपतीनं एक कान मिटून घेतला होता. मी रजनीला ओरडून काही म्हणालो, ते तिला घरी गेल्यावर ऐकू आलं. ब्रिजेटनं दोन्ही कानांवर हात दाबले आणि तशीच उभी राहिली.

आणि मग आम्हाला दिसलं. त्या आवाजात माणसं निवांत गप्पा मारत होती. एका टोकाचा कारीगर ओठ हलवत होता, चाळीस फुटांवरचा दुसरा त्याच्या तोंडाकडे बघून हसत होता, तिसरा हातानं काहीतरी खूण करून मध्येच तोंड घालत होता. कुणाच्याच गळ्यातून आवाज नाही, कारण त्याचा उपयोगच नाही. मंगलाबाई माझ्या कानाला तोंड लावून सांगू लागली:

"तो लांबना म्हनस, भाजीमा मीठ नव्हतं. हाऊ म्हनस, तुनी बायकोले सांग ना, माले काय सांगस. तो म्हनस, तिले सांगाले डेरिंग पाहिजे."

ब्रिजेटला मी ते इंग्रजीतून ओरडून सांगितलं. किती ऐकू गेलं कोण जाणे. ती मागांच्या दोन रांगांमधून हळूहळू लोटूपाशी गेली. त्यानं तिला पाहिलं आणि लगेच नजर ताण्यावर. ती उभी राहिली. त्यानं एक तुटलेला धागा जोडला, मग दुसरा. तिसरा तुटेना. तेव्हा त्यानं मान वर केली. बाईनं तोंडावरची ओढणी खाली ओढली आणि काहीतरी म्हणाली, आवाज न काढता. लोटूनं तिच्या ओठांकडे बघितलं आणि ओठांनीच उत्तर दिलं. बरंच लांब उत्तर.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय बोललात?"

"मी त्याला नाव विचारलं. तो म्हणाला, माझं नाव लोटू पाटील आहे, मी विणकर आहे, मी गोडादऱ्याला राहतो, आज मंगळवार आहे. पहिल्या तीन दिवसांचे सगळे धडे." ती कारखान्याच्या पायरीवर बसली. आनंद वगैरे तिच्या चेहऱ्यावर काही नव्हता, नुसता घाम होता. "उत्तरं ते रोजच देत होते. मीच बघायचं सोडून ऐकत बसले होते."

शुक्रवारचं तिकीट तिनं परत केलं. एका अटीवर. दुपारी एक तास दार बंद. रजनी त्या तासाला दाराबाहेर पाट टाकून बसायची आणि प्रमिलाबाईंना जिन्यातूनच परत पाठवायची.

त्यानंतरचा वर्ग तुम्ही बघायला हवा होता. ऐकायला नव्हे, कारण ऐकण्यासारखं काही नव्हतंच. बाई फळ्यापुढे उभी राहून ओठ हलवायची, तीस माणसं ओठ हलवायची. कारीगर कारखान्यातून धोटा, पाना, तेलाची बुधली, तुटका फणीचा तुकडा असलं काय काय आणायचे आणि ती प्रत्येकाचं इंग्रजी नाव तोंडानं दाखवायची. घट्ट, सैल, थांबव, हळू, डावा, उजवा, तेल घाल. शाळेचा शिपाई शालिग्राम गावभर सांगत सुटला की जैन लोकांचं मौनव्रत चाललंय, आणि एक म्हातारी खरंच दर्शन घेऊन गेली. मी मागच्या बाकावर झोपायचो. एकतीस वर्षं माझ्या वर्गात पोरं झोपली, त्याची फेड झाली.

दमलेले सगळेच होते. पण आता जागे होते. लोटू रातपाळी करून यायचा, दहापर्यंत बसायचा, घरी जाऊन मंगलाबाईसमोर ओठांचं इंग्रजी घोकायचा. ती म्हणायची, "भाकरी थापू का तुमनं तोंड देखू?"

चार जूनला ब्रिजेट गेली. स्टेशनवर सगळा वर्ग आला होता. गाडीच्या खिडकीतून ती आवाज न काढता काहीतरी म्हणाली आणि तीस माणसांनी एकदम ओठ हलवले. मला एक अक्षर कळलं नाही.

आठ तारखेला फिटर आला. बेल्जियमचा, साठीच्या आसपासचा, खांदे पडलेला. शेठनं मला दुभाष्या म्हणून बोलावलं. मी आनंदानं गेलो, फिटरला पाहिलं आणि आधी लोटूकडे बघितलं.

त्याला मिशी होती. मिशी म्हणजे अशी तशी नाही. पांढरी, दाट, दोन्ही बाजूंनी हनुवटीपर्यंत उतरलेली, आणि मधोमध तोंडावर झडप टाकल्यासारखी. तो जेवायचा कसा हे मला आजतागायत समजलं नाही.

जुने माग शेवटच्या दिवसापर्यंत चालवायचे असा शेठचा हट्ट. त्या साठ मागांच्या धडधडीत फिटर नव्या मशिनीवर वाकून बोलायला लागला. मला काही ऐकू येईना. मुंबईला इंग्रजीतून शिकून आलेल्या छोट्या शेठला काही ऐकू येईना. लोटू फिटरसमोर उभा, डोळे त्याच्या तोंडावर, आणि तोंडाच्या जागी नुसती मिशी हलतेय. फिटरनं एक बोट दाखवलं, लोटूनं चुकीचा पाना दिला. मग दुसरा चुकीचा. संध्याकाळी छोटे शेठ मला म्हणाले, "मास्तर, आ तमारो लोटू तो कंई समजतो नथी. उद्या दुसऱ्याला उभा करू."

लोटू गेटपाशी बंद पडलेल्या मागासारखा उभा होता. "मास्तर, तोंडच नही त्याले," एवढंच म्हणाला.

आता इथून पुढचं पाप माझं. फिटरला हॉटेलवर सोडायला रिक्षात मीच होतो. त्यानं विचारलं, उद्या काही विशेष? मी म्हणालो, उद्या मशिनीची पूजा. नारळ, कुंकू, हार. आणि मग माझी जीभ आपोआप पुढे गेली. म्हणालो, आमच्याकडे जो मशीन पहिल्यांदा सुरू करतो त्यानं मिशी ठेवायची नसते. फार जुना रिवाज आहे. तुम्ही परदेशी, तुमच्यावर सक्ती नाही. कारीगर मात्र मनाला लावून घेतात.

ऐकताना तो माझ्या तोंडाकडेच बघत होता. "सोळा देशांत मशिनं बसवली," म्हणाला. "इंडोनेशियात डोक्याला फडकं बांधलं, तुर्कस्तानात बकऱ्याच्या रक्ताचा टिळा लावून घेतला. मिशी पहिल्यांदाच." मग थकलेल्या आवाजात, "न्हावी कुठे आहे?"

चिंधा न्हाव्यानं ती मिशी उतरवली. गिऱ्हाइकानं मागितली नाही म्हणून पंधरा दिवस दुकानात ठेवली होती, आणि लोक लांबून बघायला यायचे. हे खरं आहे, चिंध्याला विचारा. तो आता नाही, पण असता तर सांगितलं असतं.

एक गोष्ट मी विसरलो. थापा मारताना माणूस पुढचं बघतो, आजूबाजूचं बघत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी फिटर कारखान्यात शिरला आणि ओठांच्या गप्पा एकदम बंद पडल्या. काल भरघोस मिशी, आज सफाचट. आपल्याकडे साठीचा माणूस रातोरात मिशी उतरवतो ती एकाच कारणानं. बाप जातो तेव्हा.

पहिला कारीगर पुढे झाला आणि त्यानं फिटरचा हात दोन्ही हातांत धरला. मग दुसरा. एकानं पाठीवरून हात फिरवला. मंगलाबाई कांड्यांच्या टोपल्या ठेवून आली आणि पदर तोंडाला लावून उभी राहिली. मोठे शेठ स्वतः गादीवरून उठून आले, हात जोडून गुजरातीत म्हणाले की घरी जायचं असेल तर मशिनं थांबतील, बाप पुन्हा मिळत नाही. मी हे भाषांतर करायला हवं होतं. मी खाली वाकून पूजेचा नारळ सोलायला घेतला.

फिटर प्रत्येकाच्या तोंडाकडे बघत होता. तीस-पस्तीस वर्षं कारखान्यांत काढलेला माणूस, त्यालाही कान उरले नसणार. शेवटी त्यानं लोटूकडे बघितलं आणि उघड्या, गोऱ्या, मिशीविना विचित्र दिसणाऱ्या ओठांनी काहीतरी विचारलं.

लोटूनं उत्तर दिलं. आवाज न काढता.

फिटरच्या हातातला पाना खाली पडला. त्यानं आणखी काही विचारलं, लोटूनं आणखी काही सांगितलं. साठ माग धडधडत होते आणि ते दोघं दोन मशिनींच्या मध्ये उभे राहून बोलत होते, पानपट्टीवर बोलावं तसे. मग फिटर बराच वेळ एकटाच बोलत राहिला. लोटू मान हलवत होता. मग फिटरनं वाकून पाना उचलला, ओठ हलवले, आणि लोटूनं न चुकता डावीकडचा नट सैल केला.

चौथ्या दिवशी बारा मशिनं चालू झाली. फिटरनं जाताना छोट्या शेठला कागदावर एकच नाव लिहून दिलं. रातपाळीला शेठनं आपल्या मेहुण्याच्या ओळखीतला कुणी ठेवला. उरलेले तेरा कारीगर त्या संध्याकाळी गेटबाहेर बसले होते. कुणी सुरतेजवळच्या सचिन गावाला काम आहे म्हणत होता, कुणी भिवंडीला. लोटूला कुणी वाईट बोललं नाही. बोलले असते तर लांबूनसुद्धा त्याला दिसलं असतं, म्हणून बहुतेक त्यांनी माना वळवूनच घेतल्या होत्या.

मी लोटूबरोबर चालत निघालो. तोंड त्याच्याकडे करून, सावकाश विचारलं, "त्या दिवशी काय म्हणाला रे फिटर?"

"त्यानी विचारं, हाई सगळी माणसं माले काबर हात लायी राह्यनात? मी म्हटलं, युवर फादर डेड. दे आर सॉरी."

"मग?"

"मंग म्हने, तुमले कोनी सांगं?" लोटू थांबला. रस्त्यावरून टेम्पो गेला, तो जाईपर्यंत त्यानं वाट बघितली, सवयीनं. खरं तर त्याला काही फरक पडत नव्हता. "त्याना बाप मागला सालेच मरना व्हता मास्तर. हाऊ तव्हय मशीनवर व्हता, कोन्ता तरी गावले. तार दोन दिननी मिळनी. गयाच नही. म्हने, कोनीच काही विचारं नव्हतं आजपावत."

"आणि तू काय म्हणालास?"

"बाईनी त्याना धडा नव्हता शिकाडा," लोटू म्हणाला. "मी उभा राह्यनू नुसता."

गोडादऱ्याचा फाटा आला. त्याला सकाळी सातला हजर व्हायचं होतं, बारा मशिनींवर, एकट्याला. तो डोक्यातला भुस्सा झटकत वळला, आणि मी घरी आलो.